विहिणीचं उत्तर

(शालन जतकर, गायिका. राहणार विश्रामबाग, सांगली. त्यांनी सांगितलं तसं.)

माझं गाव जत तालुक्यात, पार कडंला. आमच्या रानाच्या बांधावर हुबं ऱ्हायलं की समोर दिसतंय त्ये कर्नाटक आन् मागं वळलं की महाराष्ट्र, म्हंजे आमी कुठलं म्हणून कुणी इचारलं तर काय सांगू तुम्हाला, आमी मधलं. आप्पा, म्हंजे माझे वडील, मेंढरं राखायचे, पाऊस झाला तर ज्वारीबी करायचे. अव्वा, म्हंजे आई, ती तिकडची, अथणीकडची. तिला मराठी सगळं समजायचं, पर राग आला की तोंडात कन्नडच यायचं, त्यामुळं आमा भावंडांना कन्नड आधी आलं, शिव्या खात खात आलं. पाण्याचा टँकर यायचा तवा बायकांची रांग लागायची आन् त्या रांगेत अव्वा गाणं जुळवायची, टँकरच्या डायवरवर, सरपंचाच्या मिशीवर, काय दिसंल त्याच्यावर. मी तिच्याच पोटची. मलाबी तोच नाद लागला. शाळेत गणित येत न्हवतं पर गणिताच्या मास्तरांवर गाणं यायचं, आन् त्यापायी मार खाल्लाय मी, त्ये आता सांगत न्हाई.

आता तुमाला आमच्याकडची एक रीत सांगते, ती कळल्याबिगर माझं पुढचं काय कळायचं न्हाई. हळदीला नवऱ्याकडचं वऱ्हाड मांडवात आलं की नवरीकडच्या बायका विहिणीला, म्हंजे नवऱ्याच्या आईला, गाण्यात घेत्यात. तिचं नाव घालून म्हणायचं, तिचं चालणं, तिचं नटणं, सगळ्याची टिंगल करायची. आन् मंग विहिणीनं उत्तर द्यायचं, गाण्यातच, तितल्या तितं. उत्तर झालं की तिला हळदीकुंकू लावायचं, वटी भरायची, इषय मिटला. कुणी राग धरत न्हाई. उलट जिला गाण्यात घेतलं न्हाई ती विहीण रुसती, म्हंती माझ्यात घेण्यासारखं कायच न्हाई व्हय.

माझी थोरली बहीण सुमन, आमी तिला आक्का म्हणतो, तिचं लगीन अथणीकडं ठरलं. आक्का माझ्यासारखी न्हाई. गप्प, मान खाली, कुणी हाक मारली तरी दचकणारी. अव्वाला तिचाच घोर, म्हणायची ह्या पोरीला सासरी कोणबी वाकवंल. आन् सासू कोण, तर गंगव्वा. उंचीला दांडगी, नाकात ही येवढी नथ, आवाज असा की शिवारात हाक मारली तर बैल थांबावा. मांडवात शिरताना तिच्या डोक्याला तोरण लागलं, तर बाई वाकली न्हाई, तोरण हातानं बाजूला सारलं आन् सरळ आत आली. मी बघितलं आन् गाणं तयारच झालं.

गंगव्वा विहीण आली, नथीचा तोरा गं,
मांडव पडला ठेंगणा, नाक खाली करा गं.

सगळ्या बायका माझ्यामागं म्हणाय लागल्या, हसून हसून पोटं दुखली. गंगव्वा कमरेवर हात ठेवून ऐकत हुती. तिनं गाणं पुरं हू दिलं आन् मंग आमच्याच चालीत, कन्नडात, उत्तर दिलं.

नम बागिला एत्तर ऐति,
निम मगळ बग्गि बरोदु ब्याड.

म्हंजे, आमचं दार उंच हाय, तुमच्या पोरीला वाकून यावं लागायचं न्हाई. काय सांगू तुम्हाला, मांडव गपगार झाला. टिंगलीला टिंगल यील म्हणून आमी टपून बसलेलो आन् बाईनं चारचौघात, देवाबामणासमोर, शब्दच दिला. अव्वानं तोंडाला पदर लावला. आन् आक्का, हळदीनं पिवळी झालेली आमची आक्का, तिनं मान वर करून सासूकडं बघितलं. तवर तिनं सासूचं तोंडबी नीट बघितलं न्हवतं.

त्या हळदीला सांगलीचा आर्केस्ट्रा बोलीवला हुता. आर्केस्ट्रा कसला, एक ढोलकीवाला, एक गाणारा, आन् कीबोर्डवर दिनकर. पुढं ह्याच माणसाशी माझं लगीन झालं म्हणून आता मी मालक म्हणते, ते बघा आत बसल्यात, टीव्ही मोठ्यानं लावून, ऐकू कमी येतंय आता. पर तवा नुसता दिनकर हुता आन् स्वतःला लय शाणा समजायचा. त्याच्या कीबोर्डवर तालाची बटनं हुती. आमचं गाणं ऐकलं आन् त्येनं एक बटन दाबलं, त्याच्यावर इंग्रजीत लॅटिन लिवलेलं. असा ताल निघाला की म्हाताऱ्या बायांचीबी कंबर हलली. मी इचारलं ह्ये लॅटिन म्हंजे काय. म्हणाला अमेरिकेच्या खालच्या अंगाला लोक ऱ्हात्यात, त्यांचा ताल. मी म्हणलं त्यांच्यातबी विहिणी असत्यात व्हय. म्हणाला असणारच, त्याबिगर असा ताल कसा सुचंल.

मंग दिनकर आप्पांच्या मागं लागला, पोरीला सांगलीला पाठवा, गळा बी हाय आन् गाणी स्वतःची हायत. आप्पा म्हणाले, कळपातनं मेंढरू चुकलं तर मी हुडकून आणतो, पोरगी चुकली तर कुठं हुडकू. अव्वा म्हणाली हिला हुडकाय लागायचं न्हाई, हिचा आवाज लांबनं यील. अशी मी सांगलीला आले. आत्याकडं ऱ्हायचं, सकाळी तिच्या घरातलं काम, दुपारी आर्केस्ट्राची तालीम, आन् रोज नवं गाणं. लय ग्वाड दिवस हुते. खायाला भडंग आन् चहा, पायात झिजल्याली चप्पल, पर मी कुठंबी गुणगुणत चालायचे आन् लोक वळून बघायचे. आता ह्या गुडघ्यांनी जिना उतरायचा म्हणलं तरी इचार करावा लागतो.

बसस्टँडजवळ एका शेठचं कॅसेटचं दुकान हुतं, त्यो स्वतःबी कॅसेटी काढायचा. त्याचं नाव सांगत न्हाई, माणूस आता हयात न्हाई. त्येनं गाणं ऐकलं आन् कोल्हापूरला रेकॉर्डिंग ठरीवलं. मी म्हणलं ह्या गाण्याला उत्तर हाय, गंगव्वाला बोलवा. शेठ म्हणाला कन्नड बाई कशाला, कॅसेट पुण्याकडं चालणार हाय, तिकडं कोण समजून घेतंय. बरं, मी म्हणते तिचं उत्तर, तर म्हणाला अगं पोरी, हसू हाय तवर गाणं हाय, उत्तरानं मांडव गपगार झाला असं तूच सांगतीस, मला गपगार गाणं नको. दिनकरनंबी समजूत घातली, पुढच्या कॅसेटीत घेऊ. मला वाटलं व्हय, पुढच्या कॅसेटीत घेऊ. आमच्या माहितीत गाणं म्हंजे मांडवातलं. त्यो मांडव सुटला की गाणं सुटलं. कॅसेटीतलं गाणं सुटत न्हाई, परत परत वाजतंय, ह्ये आमाला कुणाला म्हाईतच न्हवतं.

आन् वाजलं, काय वाजलं. यष्टीच्या कॅन्टीनात, ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर, वाईच्या बाजारात, साताऱ्याच्या बँडवाल्यांनी तर वरातीत घेतलं. पेपरात माझा फोटो आला, खाली लिवलं, लॅटिन शालन. त्येच नाव पडलं. मंग मी टँकरवर गाणं केलं, फौजीच्या बायकोवर केलं, ती टेलिफोनच्या बूथवर नवऱ्याच्या फोनची वाट बघती आन् बूथवाला तिला म्हणतो ताई आज न्हाई, त्यो आवाज काढला की बायका रडायच्या आन् ताल तसाच नाचरा. म्हंजे रडायचं बी आन् पाय बी हलवायचा. कारखान्याच्या सिझनला कार्यक्रम, जत्रेला कार्यक्रम, मी चमकीची साडी नेसून यायचे आन् हजारभर माणूस नाक खाली करा गं म्हणून ओरडायचं. खरं सांगते, त्या आवाजासारखं सुख न्हाई कशातच. लेकरू झालं तवाबी येवढं वाटलं न्हाई, माझ्या पोराला सांगू नका.

गाणं वाजाय लागल्यावरची पहिली पंचमी आली. नागपंचमीला लेकी माहेरी येत्यात, झोका बांधत्यात, पुरणाची दिंडं करत्यात. माझा भाऊ आक्काला आणाय गेला. गंगव्वानं त्याला पोटभर जेवाय घातलं, टॉवेल-टोपी दिली आन् म्हणाली, सून न्हाई यायची. का, तर अथणीच्या बाजारात ती गेली की पोरं मागनं म्हंत्यात, नाक खाली करा गं. सगळ्या मुलखाला वाटतंय गंगव्वाला गाण्यात घेतलं आन् ती गप बसली. मी उत्तर दिलं हुतं की न्हाई, त्ये कुठं गेलं, तुमच्या पोरीला इचारा. माझं उत्तर वाजंल तवा सून यील.

भाऊ एकटाच परत आला. अव्वा दिंडं वळत हुती ती तशीच उठली. मला निरोप आला तवा मी शेठकडं गेले, उत्तराचं काय ते करा म्हणलं. शेठ म्हणाला बाईला भारीतली साडी धाड. धाडली. गंगव्वानं ती घडीबी मोडली न्हाई, आल्या माणसाच्या हातातच परत दिली. अशा पंचम्या जात ऱ्हायल्या. आक्काला लेकरं झाली, बाळंतपणं तितंच झाली, अव्वा जाऊन करून आली पर आक्का आली न्हाई. अव्वा मला कधी बोलली न्हाई. नुसतं रेडिओवर गाणं लागलं की उठून चुलीकडं जायची. त्ये बघवत न्हवतं. बोलली असती तर बरं झालं असतं.

मंग शेठनं मुंबईचं कायतरी जमीवलं. माझ्या गाण्यांचा व्हिडिओ काढायचा, टीव्हीवर दाखवायचा, मोठं काम. त्याआधी जतच्या जत्रेत माझा कार्यक्रम लावला, शेठच्या नावाचा बॅनर, मुंबईची माणसं बघाय येणार. मला वाटलं आता आपलं नाव झालंय, आता गंगव्वा ऐकंल. मी स्वतः अथणीकडं गेले. दार खरंच उंच हुतं त्यांचं, मी वर बघतच आत गेले. गंगव्वा म्हणाली बस. चहा दिला. मी म्हणलं आत्ती, आता सोडा राग, आक्काला पाठवा. तर काय म्हणाली म्हाईत हाय, मी कवाच सोडलाय, दोन पंचम्या झाल्या तिला म्हंती जा, तुझी बहीणच जात न्हाई.

मी आक्काकडं बघितलं. ती जात्यापाशी बसल्याली, उठली. आक्काला येवढं बोलताना मी जन्मात बघितलं न्हवतं. म्हणाली, शालन, हिनं चारचौघात शब्द दिला मला वाकाय लावायची न्हाई म्हणून, आन् आजवर लावलं न्हाई. आन् तू त्यो शब्दच कापून टाकलास. तिची टिंगल तेवढी गावभर वाजती. मी माहेरी येऊन झोक्यावर कशी बसू.

आक्काची मान वर हुती. मलाच खाली बघावं वाटलं, पर मी बघितलं न्हाई, मीबी त्याच अव्वाची. मी म्हणलं आत्ती, तुमी जतला या, माझ्यासंगं स्टेजवर या. गंगव्वा म्हणाली मी काय आर्केस्ट्रातली बाई हाय व्हय. असं म्हणाली आन् लगेच इचारलं, कुठल्या वारी हाय.

शेठला कळलं. त्येनं मालकांना सांगितलं, तवा आमचं लगीन झालं हुतं, की ती कन्नड म्हातारी स्टेजवर चढली तर मुंबईचं काम दुसऱ्या पोरीला देतो. मालक मला म्हणाले, शालन, तुझी तू ठरव, मी बटन दाबायचं तेवढं दाबतो. रात झोप न्हवती. एवढं काम परत येत नसतंय, ह्ये मला कळत हुतं, मी काय येडी न्हवते.

जत्रेत दिवस मावळायच्या टायमाला कार्यक्रम सुरू झाला. मी गाणं म्हणलं, लोक ओरडले नाक खाली करा गं, आन् मी हात वर केला, मालकांनी ताल चालू ठेवला, आन् म्हणलं, आमच्यात विहिणीला गाण्यात घेतलं की उत्तर ऐकून घ्यायचं असतंय, इतकी वर्सं तुमी ऐकून घेतलं न्हाई, आता ऐका. गंगव्वा वर आली. स्टेजची पायरी चढताना कुणाचा हात धरला न्हाई. माईक तिला नकोच हुता. तिनं कंबरेवर हात ठेवला आन् म्हणाली, नम बागिला एत्तर ऐति. जतची माणसं, निम्म्यांना कन्नड येतंय, निम्म्यांना शेजाऱ्यानं सांगितलं, आन् त्यो सगळा फड गपगार झाला आन् मंग टाळ्या. खाली अव्वा आन् आक्का शेजारी शेजारी बसल्या हुत्या. अव्वानं आक्काचा हात धरला हुता त्यो कार्यक्रम संपला तरी सोडला न्हाई.

मुंबईचं काम गेलं. दुसऱ्या पोरीनं माझीच गाणी म्हणली टीव्हीवर. राग आला का म्हणाल, तर आला, खोटं कशाला बोलू, अजून येतो. पर पुढच्या पंचमीला आक्का आली. झोक्यावर तिला बसवून मी ढकलत हुते आन् अव्वा चुलीपाशी स्वतःच कन्नडात काहीतरी जुळवत हुती, आमी दोघींनी ऐकलं न्हाई असं दाखवलं.

त्यानंतर गंगव्वा माझ्या कार्यक्रमाला यायची, लांबच्या न्हाई पर जत, मिरज, कवठ्याच्या जत्रंला. उत्तर द्यायची आन् पान खात विंगेत बसायची, माझ्या गाण्यात चुका काढायची. कॅसेट कुणी काढली न्हाई. मंग कॅसेटीच बंद पडल्या. मालक आन् मी महाबळेश्वरला हॉटेलात गायला लागलो, सिझनभर, स्ट्रॉबेरी खायाला आल्याल्या लोकांपुढं. पावसाळ्यात तितं काम न्हाई, ढगच घरात येत्यात, तवा सांगलीला यायचं. एकदा एक परदेशी पाहुणा आला, मॅनेजरनं सांगितलं त्यो म्हणतोय हा ताल आमच्याकडचा हाय, तुमी कुठं शिकला. मी म्हणलं त्येला सांगा, जत तालुक्यात. त्यो लय हसला, आन् बायकोला घेऊन नाचला बिचारा.

गंगव्वा गेली त्याला बरीच वर्सं झाली. आन् आता ह्ये मोबाईलचं आलं. माझं जुनं गाणं परत सगळ्यांच्या हातात, पोरी नाकाला हात लावून नाचत्यात, आन् परत तेवढंच, अर्धं. गेल्या उन्हाळ्यात इथल्या कॉलेजातल्या पोरींचा एक बँड हाय, त्या घरी आल्या, म्हणाल्या आजी, आमाला हे गाणं तुमच्याच आवाजात नव्यानं करायचंय. मी म्हणलं करू, पर दोन्ही बाजू. म्हणाल्या दुसरी बाजू कोण म्हणणार. मी आक्काला फोन लावला.

आक्का जन्मात कधी गायली न्हाई. म्हणाली मला येत न्हाई, आन् दुसऱ्या दिवशी सकाळच्या यष्टीनं आली. स्टुडिओत पोरींनी तिच्या कानाला त्यो हेडफोन लावला तर पदर सारखा करत बसली. पहिल्यांदा आवाज फुटंना. मंग मी माझं म्हणलं, नाक खाली करा गं म्हणलं, आन् आक्कानं कमरेवर हात ठेवला आन् एका दमात उत्तर दिलं. पोरींना कन्नड येत न्हाई तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

झाल्यावर त्यांनी आमाला ऐकवलं. आक्कानं परत लावा म्हणून सांगितलं. परत ऐकलं. मंग मला म्हणाली, शालन, सासूबाईंचा आवाज असाच हुता का गं.

मी लय आठवायला बघितलं. बोल आठवत्यात, नथ आठवती, हात कसा ठेवायची त्ये आठवतंय. आवाज आठवंना. मी रोज आवाजावर जगल्याली बाई, मला आठवंना. आक्कालाबी आठवंना, तीस वर्सं एका घरात काढल्याली. कुठं वाजवून बघावं तर कुठं न्हाईच. आमी दोघी तितं हात धरून बसलो, पोरींना वाटलं आमाला आनंद झालाय.

तर आसं हाय बघा. आक्का बरी हाय, लेकरं बरी हायत, मालकांचं त्ये ऐकू यायचं सोडलं तर देवानं काय कमी केलं न्हाई, तुमचंबी चांगलं करू दे त्येनं. तुमी ह्ये लिवताय तर सगळं न्हाई लिवलं तरी चालंल, माझं नाव चुकलं तरी चालंल. येवढं मात्र लिवा, गंगव्वा गप बसली न्हवती, तिनं उत्तर दिलं हुतं.